गाडीसाठी थांबणारे सर

आमच्या कॉलेजचे प्राचार्य जिन्यात बसायचे. हे कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग म्हणतात, मावशी, जरा नीट सांगा. तर नीट सांगते.

महाडच्या बाहेरच्या अंगाला एक भाताची गिरणी होती. ती बंद पडली, मग एका संस्थेने ती इमारत घेतली आणि कॉलेज काढलं. संस्थेचं नाव पाटीवर भलंमोठं होतं, पण आख्खा तालुका 'गिरणीचं कॉलेज' एवढंच म्हणायचा. खाली जिथे भात भरडायचे तिथे प्रयोगशाळा, वर चार वर्ग, आणि मधे एक लाकडी जिना. पावसाळ्यात वासे फुगले की वरून अजून कोंडा गळायचा. बाहेरून कुणी व्याख्यानाला आलं तर घरी जाऊन डोकं विंचरायला लागायचं. मी तिथे शिपाई होते. चहा करायचा, घंटा द्यायची, ग्रंथालयातली धूळ झटकायची. शाळा माझी चौथीपर्यंतच झालेली. पुढचं सगळं वाचन धूळ झटकता झटकता झालं, त्यामुळे कुठलं पुस्तक मधेच सुटलंय ते मला अजून आठवतं.

प्राचार्यांना केबिन होती. चांगली खिडकी, पंखा, टेबलावर काच. सरांनी ती पहिल्याच वर्षी मुलींना देऊन टाकली. पोलादपूरच्या डोंगरातनं मुली यायच्या. पहाटे उठून पाणी भरून, भाकऱ्या थापून, मग एसटी. कुणाचं पोट दुखायचं, कुणाला पाच मिनिटं पाय पसरायचे असायचे. सरांचं म्हणणं असं की मला दिवसभरात पाठ टेकावी लागत नाही, त्यांना लागते, मग केबिन कुणाची? आणि स्वतः जिन्याच्या वळणावर एक स्टूल टाकून बसले ते बसलेच. सह्या तिथे, पालक तिथे, चहा तिथे.

एकदा मुंबईहून पुस्तकांच्या कंपनीचा माणूस आला. टाय बीय लावलेला.

"प्राचार्य कुठं बसतात?"

"जिन्यात," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे भेटायचं असेल तर?"

"वर जाताना भेटतील. नाहीतर खाली येताना."

तो त्यांना ओलांडून वर जाऊन आला. त्याला वाटलं, बसलेला माणूस रंगारी असेल.

सरांना विद्यार्थ्यांची नावं यायची, पण ते हाक गावाने मारायचे. ए बिरवाडी, ए कापडे. एका गावचे दोन असले तर वरची आळी, खालची आळी. सोहेल म्हणून महाडातलाच एक मुलगा होता, त्याचा बाप कुवेतला. त्याला म्हणायचे, ए कुवेत. बाप वर्षातून एकदा घरी यायचा, तो आधी कॉलेजात येऊन सरांना भेटायचा आणि म्हणायचा, "सर, कुवेत आला." एवढ्यावर दोघं हसत बसायचे. माझ्या मते त्यात हसण्यासारखं फार नव्हतं.

आणि हजेरी. प्रयोगशाळेची जमीन जुनी, खरवडलेली, म्हणून चपला बाहेर काढायची पद्धत होती. सर आत न डोकावता दाराशी उभे राहून चपलांची रांग बघायचे आणि कोण नाही ते सांगायचे. एका मुलीने नवे सँडल घेतले तर ती पहिल्या बाकावर बसलेली असताना तिची गैरहजेरी लागली. ती म्हणाली, "सर, मी हाय इथं." सर म्हणाले, "मग आधी कळवायचं नाही का?" आणि सबंध वर्गाला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे विशेष. दुसऱ्या दिवसापासून नवी चप्पल घेणारा पोरगा आधी सरांना आणून दाखवायचा.

पण सरांची मुख्य तऱ्हा गाडीची. कशेडीच्या पायथ्याच्या डोंगरातनं एक एसटी यायची. सकाळी महाडहून रिकामी वर जायची, शेवटच्या थांब्यावर वळायची आणि भरून खाली यायची. तिच्यात आमची बरीच पोरं असायची. ती गाडी आल्याशिवाय सर पहिला तास सुरू करायचे नाहीत. वेळापत्रकात वेळ छापलेली होती, ती भिंतीवर लावलेली पण होती. मी घंटेपाशी उभी राहायची आणि जिन्यातनं आवाज यायचा, "गाडी आली का?" नाही म्हटलं की, "मग कसली घंटा?" महाडातली पोरं आवारात क्रिकेट खेळायची. नवीन लागलेल्या एका मॅडमनी एकदा स्पष्ट विचारलं, सर, हे नियमात कसं बसतं? तर म्हणाले, "मोठ्या कॉलेजात वर्ग सुरू होतो. आपल्याकडे वर्ग जमतो." मॅडमनी ते वाक्य पुढे आम्हा सगळ्यांना ऐकवलं, कौतुकाने की वैतागाने ते त्यांनाच ठाऊक.

आता त्या गाडीच्या शेवटच्या थांब्याचं गाव म्हणजे माझं माहेर. तिथली प्रणाली आमच्याकडे रसायनशास्त्राला होती. माझ्या चुलतभावाची लेक. सगळं कॉलेज मला मावशी म्हणायचं, ही एकटी आत्या. सर तिला हाक मारायचे, "ए शेवटचा थांबा." हुशार होती आणि शब्दाला शब्द देणारी. तिचा बाप मुंबईला एका सोसायटीत वॉचमन. त्याने सांगून ठेवलेलं, या वर्षी पदवी झाली तर नोकरी कर, नाय झाली तर पुढचं वर्ष नाय, स्थळं बघायला घेतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्याने तिला प्रयोगशाळेत घ्यायचं कबूल पण केलं होतं, निकाल लागला की ये म्हणून. म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर होतं, आणि हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, सरांना तर होतंच होतं. कारखान्यात शब्द टाकणारे तेच.

शेवटचा पेपर होता त्या दिवशी गाडी आली नाही.

विद्यापीठाची परीक्षा म्हणजे बाहेरगावचे एक पर्यवेक्षक आलेले, सीलबंद पाकीट आलेलं, आणि वेळ म्हणजे वेळ. त्या पेपरला त्या गाडीची तिघंच होती. पेपरला थोडा अवधी असताना त्यातली दोन पोरं दुधाच्या टेम्पोतनं येऊन धडकली. घामाने निथळलेली. म्हणाली, घाटाखाली कंटेनर आडवा झालाय, दोन्हीकडनं गाड्या तुंबल्यात.

"आणि शेवटचा थांबा?" सरांनी विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "ती गाडीतच बसलीय सर. आम्ही म्हटलं चल, तर म्हणते, कशाला धावताय रे येड्यासारखे? सर थांबतात."

मी सरांकडे पाहिलं नाही. सर स्वतः मोबाईल ठेवायचे नाहीत. ते म्हणाले, "मावशी, फोन लावा."

मी लावला. "कुठं हायस गो?"

"गाडीतच, आत्या. क्रेन येतेय म्हणतात. सरांना सांग, येतेच मी."

सरांनी फोन माझ्या हातातनं घेतला. "उतर."

"सर? सर, थांबाल ना?"

"नाही. आज थांबता येणार नाही. उतर, कंटेनर ओलांड आणि पलीकडून मिळेल ते वाहन धर."

तिकडून ती चक्क हसली. "सर, मस्करी नका ना करू."

तिचं तरी काय चुकलं म्हणा. सबंध तीन वर्षं रोज तिने हेच पाहिलं होतं की आपण पोचल्याशिवाय कॉलेज सुरू होत नाही. शहरातली पोरगी असती तर पहिल्या पाच मिनिटांतच खिडकीतनं उडी मारून पळाली असती. आमच्या पोरीला पळावं लागतं हेच कुणी शिकवलं नव्हतं.

सर मोठ्याने म्हणाले, "मस्करी नाही. उतर गो!" सरांच्या तोंडून 'गो' मी त्याच दिवशी ऐकलं. ते मूळचे देशावरचे, बोलणं एकदम पुस्तकी. फोन बंद झाला.

वेळ झाली. सर जिन्यातनं म्हणाले, "मावशी, घंटा द्या."

"गाडी आली नाय, सर."

"माहीत आहे. द्या."

मी दिली. आणि काय सांगू, परीक्षेच्या हॉलमधली पोरं सुद्धा माना वर करून बघायला लागली.

नियम असा की पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासापर्यंत उशिरा आलेल्याला आत घेता येतं. त्यानंतर नाही, कारण त्यानंतर ज्याला उठून जायचंय त्याला जाता येतं, आणि प्रश्नपत्रिका बाहेर पडते. तो अर्धा तास सर फाटकात उभे होते. अर्धा तास संपला, सर आत आले. एक टोणगा पोरगा, ज्याला मुळात काही येतच नव्हतं, उठून बाहेर पडला आणि शीळ घालत टपरीकडे गेला. त्यानंतर थोड्याच वेळात प्रणाली आली. कारखान्याच्या दुसऱ्या पाळीला निघालेल्या कुणा मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून. एक चप्पल तुटलेली, ओढणी ग्रीसने माखलेली.

सर जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते.

"सर, आले मी."

"उशीर झाला."

"कंटेनर होता ना सर! खोटं सांगते का मी?"

"खोटं नाही. उशीर झाला."

बाहेरगावचे पर्यवेक्षक भला माणूस. ते वरून डोकावले आणि म्हणाले, "अहो घ्या ना सर तिला आत. अपघात झालाय रस्त्यात, पोरीचा काय दोष? माझी काही हरकत नाही."

सर म्हणाले, "माझी आहे. एक जण बाहेर गेलाय. प्रश्न बाहेर गेलेत."

"तो? त्याला प्रश्न तरी कळले असतील का?"

"ते आपण ठरवायचं नसतं."

झालं. ती तिथेच जिन्यात सरांच्या स्टुलावर बसली आणि रडली. मी पाणी दिलं. "आत्या, सर थांबले नायत," एवढंच ती परत परत म्हणत होती, जसं काय कुणी तिला सांगितलं होतं की सूर्य मावळला नाही. सर तिच्याजवळ आले नाहीत. त्यांनी पेपर संपेपर्यंत वर्गांतनं फेऱ्या मारल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले, आणि मग चहा मागितला. नेहमीसारखा दोनदा घेतला. काय वाटत होतं ते त्यांच्या तोंडावरून मला तरी सांगता येणार नाही. मी त्यांच्यावर रागावले होते, एवढं मात्र पक्कं.

नोकरी गेली. कारखान्याने दुसऱ्या कुणाला घेतलं. बापाने मुंबईहून फोनवर सांगितलं, बास झालं आता. प्रणालीची आई माझ्या माहेरची सून, ती मला बाजारात गाठून म्हणाली, "वन्सं, तुमचा तो सर माणूस हाय का दगड? रोज गाडीसाठी थांबतो म्हणून गावभर कौतुक. आणि माझ्या पोरीच्या वक्ताला कुठं गेलं त्याचं थांबणं?"

मी पिशवी उचलून वाट धरली. कॉलेजात सरांचं आपलं पहिल्यासारखंच. सत्र सुरू झालं आणि जिन्यातनं आवाज, "गाडी आली का?" एका पोराने धीर करून विचारलं, सर, मग परीक्षेला का नाय थांबलात? सर म्हणाले, "तास माझा आहे. तो मी कितीही उशिरा घेईन. परीक्षा माझी नाही."

आणि मग सरांनी एक नवीनच खूळ काढलं. सकाळची ती रिकामी गाडी महाडहून वर जायची ना, तिच्यात जाऊन बसायला लागले. वर शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि पोरांबरोबर परत खाली यायचं. रोज. पहिल्या दिवशीचं मला प्रणालीच्या आईनेच सांगितलं. ती थांब्यावरच्या नळावर होती. सर उतरले, तशी ही कंबरेवर हात ठेवून उभी.

"आता कशाला आलात? थांबायचं तेव्हा नाय थांबलात."

"गाडी इथे किती वेळ उभी असते?"

"कंडक्टरचा चहा होईस्तोवर. का?"

"तेवढा वेळ मला पुरेल. प्रणालीला पाठवा. तिचा तो एक पेपर पुन्हा द्यायचाय."

"ती नाय येणार. तुमचं तोंड बघणार नाय म्हणते."

"मग मी उभा राहतो. तसंही गाडी सुटेपर्यंत मला इथे काम नाही."

असे ते बरेच दिवस नुसतेच उभे राहिले. मग प्रणाली आली. घरातनं हाकलून काढल्यासारखी आली, हात कपड्यांच्या साबणाने माखलेले, आणि लांब आंब्याखाली उभी राहिली. जवळ येईना. सरांनी पण तिला जवळ बोलावलं नाही. त्यांनी तिथूनच, वर्गात शिकवतात त्या आवाजात, शिकवायला सुरुवात केली. साऱ्या थांब्याला ऐकू जाईल असं.

शिमग्याला मी माहेरी गेले होते तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. प्रणाली तोवर आंब्याखालनं एसटीच्या दारापर्यंत आलेली होती, वहीबिही घेऊन. आणि पारावर आमच्या गावचे तीन-चार म्हातारे, विड्या ओढत, अगदी कान देऊन. त्यातल्या एकाने सरांना अडवलं, "सर, त्या बेंझीनचा घोळ काल सुटला नव्हता. आज आधी तो घ्या."

"तुम्हाला परीक्षेला बसायचंय का, आजोबा?"

"नाय. पण रातभर डोक्यात राह्यलंय ना."

प्रणाली हसली. ती सरांसमोर हसली, हे पाहून मी म्हटलं, चला, निवळलं. कंडक्टरचा चहा कधीच संपला होता. तो कप उपडा करून म्हणाला, "होऊ द्या सर तुमचं. इतकी वर्षं तुम्ही आमच्या गाडीसाठी थांबलात, आता गाडी जरा तुमच्यासाठी थांबते."

सरांनी वही मिटली. "नको. वेळेत सोडा. खाली पोरं रस्त्यावर उभी आहेत."

कंडक्टरचं तोंड पडलं. बिचारा मनापासून म्हणाला होता. पण सरांचं असंच होतं. लोक प्रेमाने काही द्यायला यायचे आणि हे त्यांना वेळापत्रक दाखवायचे. स्वतः मात्र आयुष्यभर वेळापत्रकाची वाट लावलेली.

प्रणाली पास झाली. बापाने तोंडाने काही म्हटलं नाही, पण स्थळं बघायची लांबवली. पहिली नोकरी गेली ती गेलीच. मग वर्षभराने दुसऱ्या कारखान्यात लागली, अजून तिथेच आहे. सर आता निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेलेत. हल्ली त्यांनी मोबाईल घेतलाय म्हणे, पण उचलत नाहीत. ती केबिन नवीन प्राचार्यांनी परत घेतली. गाडी अजून येते, उशिराच येते. घंटा मात्र आता वेळेवर होते.

सरांच्या अखेरच्या वर्षीचं एक सांगते आणि थांबते.

प्रवेशाचे दिवस होते. प्रणाली स्कूटीवरून आली, मागे धाकटी बहीण. दोघी जिन्यात सरांसमोर उभ्या राहिल्या.

"हिला घ्या, सर."

सरांनी धाकटीकडे पाहिलं, मग प्रणालीकडे. "हिला इथे कशाला? आता तू मिळवतेस. पनवेलला घाल, पुण्याला घाल. मोठी कॉलेजं आहेत, मोठ्या प्रयोगशाळा आहेत. इथे डोक्यावर कोंडा पडतो."

"आमच्या कंपनीत पण लय मोठी प्रयोगशाळा हाय सर. मी एकदा तापाने आठवडाभर गेले नव्हते. कुणी विचारलं नाय. पगार कापायच्या वेळी त्यांना कळलं की मी नव्हते."

सरांनी फॉर्म पुढे ओढून घेतला.

"मोठ्या कॉलेजात ही एक दिवस गेली नाय, तर कोण विचारणार, कुठं हायस गो म्हणून?"

"ते ठीक आहे. पण परीक्षेला उशिरा आली तर मी हिला घेणार नाही."

"नका घेऊ."

"रडली तरी."

"मी काय कमी रडले होते? घेतलंत?"

जिन्यात येणारी जाणारी पोरं थांबून ऐकायला लागली होती. सरांनी फॉर्मवर सही केली, पण फॉर्म हातातनं सोडला नाही. म्हणाले, "रस्ता अजून तोच आहे, प्रणाली. गाडीही तीच."

"म्हणून तर. परीक्षेच्या आदल्या दिवशी ही इथंच महाडात, आत्याकडं मुक्कामाला येणार. सगळ्या पेपरांना. ठरलंय आमचं."

ठरलंय म्हणे. मला कुणी विचारलं नव्हतं. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, प्रणाली तर बघतच होती, आणि ती धाकटी आपली माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी.

मी चहाची किटली खाली ठेवली आणि तिला विचारलं, "सुकट खातेस ना गो?"